जावजी दादाजी: मराठी अक्षर सुबक करणारा माणूस

मोबाइलवर मराठी साइट उघडली की कधी वेलांटीचं टोक कापलेलं दिसतं, कधी उकार खालच्या ओळीला भिडतो. दीडशे वर्षांपूर्वी हीच कटकट शिशाच्या टाइपात होती. ती निस्तरणाऱ्यांतलं मोठं नाव म्हणजे जावजी दादाजी.

जन्म १८३९, मुंबई. घरची गरिबी. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायला लागले आणि तिथेच धंद्याच्या खाचाखोचा शिकले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरं कोरायला सोबत मित्र राणोजी रावजी आरू. इंग्रजी अक्षरं एका रांगेत बसतात. आपल्याकडे वर मात्रा-रफार, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं. तरी त्यांचा टाइप सुबक निघाला. निर्णयसागरची पंचांगं आणि संस्कृत ग्रंथ नावाजले गेले. १८९२ मध्ये जावजी वारले. छापखाना पुढेही चालला.

मी इथे निर्मळला बसून वेबसाइट बनवतो. आमची आजी फोनवर अक्षर मोठं करून वाचते. तेव्हा काही साइटवर बटणच गायब होतं आणि साध्या गॅस बुकिंगसाठीही तिला कुणाला तरी हाक मारावी लागते.

म्हणून साइट बनवताना एवढं कराच: ओळींतलं अंतर अक्षराच्या किमान दीडपट ठेवा. मजकुराच्या चौकटीची उंची पक्की बांधू नका. अक्षर २०० टक्के मोठं करून पाहा. आणि चाचणीला 'कीर्ती', 'राष्ट्रीय', 'हिंदू' हे शब्द टाका. ते नीट दिसले, तर बाकीचं मराठीही बहुतेक नीट दिसेल.