लिपी अडवत नाही: धर्मानंद कोसंबी

स्मरणिकेसाठी कोणा एका थोर व्यक्तीवर लिही, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा माझ्यासमोर एकच नाव आले. आपण शाळेत होतो तेव्हा वाकड महापालिकेतही नव्हते. म्हातोबाच्या देवळापलीकडे शेते होती, आणि मराठी माध्यमातल्या आपणा सर्वांच्या मनात एक समान भीती होती, ती इंग्रजीची. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तास समजत नव्हता असे नाही, पण शंका विचारायला हात वर होत नव्हता. त्या काळात ग्रंथालयात धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र हाती आले. पदवी नसलेला एक माणूस भाषांमागून भाषा शिकत कुठवर गेला, हे वाचून मला धीर आला.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावचा. घरी नारळाची बागायत. शालेय शिक्षण बेताचे आणि लग्न लहान वयात झालेले. १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी गौतम बुद्धावरचा एक लेख वाचला. मुलांसाठी लिहिलेल्या त्या लेखाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. बुद्धाचे मूळ विचार वाचायचे, आणि त्यासाठी आधी संस्कृत शिकायचे, असे त्यांनी ठरवले.

१८९९ च्या अखेरीस ते पत्नी बाळाबाई आणि लहानग्या मुलीला मागे ठेवून घराबाहेर पडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पुढे ग्वाल्हेरमार्गे काशी. तिथे अन्नछत्रात जेवून त्यांनी शास्त्र्यांकडे संस्कृतचा अभ्यास केला. मग बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळ गाठले, पण तिथे निराशा झाली. बोधगयेला गेल्यावर कळले की, हवे ते शिकायचे तर सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, जायला हवे. हाती पैसा नसताना, लोकांच्या मदतीवर ते १९०२ मध्ये कोलंबोला पोचले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांचे विद्यार्थी झाले.

इथे त्यांच्या अभ्यासाची खरी गंमत आहे. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयाममध्ये तिथल्या लिपीत, आणि युरोपात रोमन अक्षरांत छापतात. त्या काळी पाली ग्रंथ देवनागरीत मिळणे दुर्मीळ होते. म्हणजे पाली वाचायची तर आधी परकी अक्षरे गिरवायची. धर्मानंदांनी सिंहली लिपी शिकून घेतली. तिथले खाणे मानवेना आणि प्रकृती बिघडली, म्हणून ते मद्रासला आले. पुढे ब्रह्मदेशात गेले, तर तिथली लिपी शिकले. अक्षरे बदलली तरी आतली भाषा तीच. आमच्या कामात एकच माहिती निरनिराळ्या एन्कोडिंगमध्ये येते, ते पाहताना मला हमखास हे आठवते. अनोळखी अक्षरे ही भिंत वाटते, पण ते नुसते दार असते. थोडे दिवस ढकलावे लागते, इतकेच.

त्यांची शिकण्याची रीत साधी होती. भाषा जिथे जिवंत आहे तिथे जायचे, जाणत्या गुरूच्या पायाशी बसायचे, आणि पहिल्या दिवसापासून खरा ग्रंथ डोळ्यांसमोर ठेवायचा. मात्र या रीतीची किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरून चालणार नाही. सात वर्षे बाळाबाईंनी एकटीने मूल वाढवले. त्यांना असे बाहेर पडता आले असते का, हा प्रश्न आपल्या वर्गातल्या मैत्रिणींना नक्की पडेल. मला तो दर वेळी पडतो.

१९०६ मध्ये ते परतले आणि कलकत्त्याला पाली शिकवू लागले. पण आपली विद्या महाराष्ट्राच्या उपयोगी पडावी ही ओढ होती. म्हणून जास्त पगाराची नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांनी दिलेले दरमहा ५० रुपये स्वीकारले. पुढे १९१० मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावले. तिथे हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या विद्वानाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन अपुरे सोडले होते. वॉरन वारले ते १८९९ मध्ये, म्हणजे धर्मानंदांनी घर सोडले त्याच वर्षी. पुढे श्रेयावरून प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले, तेव्हा ते मायदेशी परतले. नंतर मात्र त्याच ग्रंथासाठी पुन्हा पुन्हा गेले. हार्वर्डला असताना ते रशियनही शिकले आणि १९२९ मध्ये लेनिनग्राडला गेले.

आपल्या पुण्याशी त्यांचे नाते १९१२ ते १९१८ या काळातले. त्या वर्षांत ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांत एक होते चिं. वि. जोशी. होय, आपण टीव्हीवर ज्यांचा चिमणराव पाहून हसायचो तेच. ते पुढे बडोद्याला पालीचे प्राध्यापक झाले. १९४० मध्ये धर्मानंदांनी ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत छापून आणला. आपल्याला जी अक्षरे शिकायला देशोदेशी फिरावे लागले, तो अडसर त्यांनी पुढच्या मुलांसाठी दूर केला. ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ तर त्यांनी मराठीतच लिहिला. जून १९४७ मध्ये सेवाग्राम आश्रमात, अन्नत्याग करून, त्यांनी देह ठेवला.

माझी मुलगी सध्या फोनवरच्या ॲपवर जर्मन शिकते. रोजचे गुण मिळाले की खूश होते. मी तिला अडवत नाही. फक्त विचारते, जर्मनमध्ये तुला वाचायचे काय आहे? ते सापडले की बाकीचे आपोआप होईल, असे मला वाटते. आणि शिकून झाले की त्यातले काहीतरी मराठीत आण, असेही सांगते.

मित्रमैत्रिणींनो, हात वर न करणारी आपली बाके आठवा. आज आपल्यापैकी कोणी हिंजवडीत, कोणी चाकणला, कोणी परदेशात आहे. आपण ती भीती ओलांडली. आता आपल्या शाळेत येऊन, आजही मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलीला आपण एक तास दिला, तरी धर्मानंदांचे ऋण थोडे फिटेल.