बापाच्या उत्तराची वाट बघणारा बंडखोर

लाल जॅकेट, निळी जीन्स, बोटांत सिगारेट. जेम्स डीनचा फोटो तुम्ही कुठल्यातरी टी-शर्टवर किंवा कॅफेच्या भिंतीवर बघितलाच असेल. बंडखोर तरुण म्हटलं की आजही हा चेहरा पुढे येतो. पण त्याचे सिनेमे नीट बघितले, तर हा पोरगा घरापासून पळत नाहीये. तो बापाकडून एक सरळ उत्तर मागतोय.

डीनचा जन्म 8 फेब्रुवारी 1931 चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात गेलं. तो 9 वर्षांचा असताना आई कॅन्सरने गेली. वडिलांनी त्याला आजीबरोबर इंडियानाला परत पाठवलं. ज्या ट्रेनने तो गेला, त्याच ट्रेनमध्ये आईची शवपेटीही होती. वडील मागेच राहिले. फेअरमाउंट गावात आत्या आणि तिच्या नवऱ्याच्या शेतावर तो वाढला.

1949 मध्ये शाळा संपवून तो वडिलांकडे आला. आधी कायद्याची वाट धरली, मग ती सोडून नाटक घेतलं आणि बापलेकांचं बिनसलं. थोड्याच काळात कॉलेजही सुटलं. न्यूयॉर्कला जाऊन टीव्हीवर छोटी कामं, ॲक्टर्स स्टुडिओत शिक्षण, असं करत तो दिग्दर्शक एलिया कझान यांच्या नजरेत भरला.

त्यांच्या ‘ईस्ट ऑफ ईडन’मध्ये मुलगा कष्टाने कमावलेले पैसे वडिलांना वाढदिवसाला देतो आणि वडील ते नाकारतात. स्क्रिप्टप्रमाणे त्याने तिथून निघून जायचं होतं. डीन गेलाच नाही. रडत रडत त्याने वडिलांची भूमिका करणाऱ्या रेमंड मॅसीला मिठी मारली. मॅसी गडबडला, पण कझानने तो शॉट ठेवला.

मग आला निकोलस रे यांचा ‘रिबेल विदाउट अ कॉज’. जिम स्टार्कच्या घरात पैशांची चणचण नाही, कुणी मारझोडही करत नाही. तरी तो गुदमरतो. मित्र म्हणून मिळालेल्या प्लेटोचे वडील तर फक्त चेक पाठवतात. इज्जतीचा प्रश्न आला तर काय करायचं, असं जिम वडिलांना विचारतो. वडील कागद-पेन घेऊन फायद्या-तोट्यांची यादी करू म्हणतात. त्याच रात्री कड्याच्या दिशेने गाड्या पळवायच्या पैजेत एक मुलगा मरतो. जिमला पोलिसांत जाऊन खरं सांगायचंय, आणि आईबाबा त्याला गप्प बसायला सांगतात.

इथे जनरेशन गॅप कपड्यांची किंवा गाण्यांची राहत नाही. खरं बोल हे ज्यांनी शिकवायचं, तेच हात झटकताहेत, हे जिमला सहन होत नाही. वडिलांचा दुबळेपणा दाखवायला सिनेमा त्यांना एप्रन घालतो, ते मात्र आज खटकतं. घरकाम करणारा बाप कमजोर नसतो. जिमचा बाप कमजोर वाटतो, कारण तो मुलाच्या बाजूने उभा राहत नाही. शेवटी तो उभा राहतो, पण तोवर प्लेटोचा जीव गेलेला असतो.

30 सप्टेंबर 1955 ला डीन स्वतःच्या पोर्शे गाडीतून सॅलिनासच्या रेसला निघाला. वाटेत स्पीडिंगचं तिकीट मिळालं. त्यानंतर काही तासांतच शोलेम इथल्या तिठ्याजवळ समोरच्या गाडीशी टक्कर झाली. तो 24 वर्षांचा होता आणि प्रमुख भूमिकेतला त्याचा एकच सिनेमा तोवर लागला होता. ‘रिबेल’ महिन्याच्या आत झळकला, ‘जायंट’ 1956 मध्ये. मृत्यूनंतर त्याला ऑस्करची दोन नामांकनं मिळाली.

या अपघातानंतर वेग हीच त्याची ओळख झाली. पण ‘रिबेल’मध्ये गाडीच्या शर्यतीला फार वेळ नाही. जास्त वेळ जातो तो एका मुलाच्या प्रश्नात. तो प्रश्न घेऊन तो आधी वडिलांकडेच गेला होता.