डेबूचे गाडगेबाबा झाले

दीपावलीनिमित्त घरोघरी केर काढला जात असता आम्हांस खराटा हाती घेतलेल्या संत गाडगेबाबांचे स्मरण होते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली त्यांचा जन्म झाला. पिता झिंगराजी मद्यापायी संसार गमावून अकाली निवर्तले. माता सखुबाईंनी लहानग्या डेबूसह दापुरे येथे माहेरचा आश्रय घेतला. गुरे राखीत, नांगर धरीत हे पोर वाढले. पुढे मामांची शेतीही सावकारी कर्जात गेली.

अशा आघातांनी मन कडवट व्हावे. परंतु मातेची माया व श्रमाचा संस्कार यांनी त्या दुःखाची करुणा केली. कन्येच्या बारशास रूढीचे मद्यमांस टाळून त्यांनी आप्तांना गोड जेवण वाढले. १९०५ साली गृहत्याग करून ते गावोगाव झाडीत फिरले, कीर्तनांतून व्यसन व कर्जावर प्रहार केले, धर्मशाळा उभारल्या. १९५६ साली त्यांनी देह ठेवला.

कर्जापायी पितृछत्र हरपलेली लेकरे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही आहेत. विपत्तीतून ती कोणत्या वाटेला लागतील, हे त्यांना लाभणाऱ्या मायेवर पुष्कळसे अवलंबून आहे. यंदा एक पणती अशा एखाद्या दारी लावावी व तेथील लेकराच्या शाळेची विचारपूस करावी, एवढेच आम्ही विनवितो.