गहुलीचे वसंतराव नाईक

भाषांची व वर्णांची विविधता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी आहे, हे सूरह रूम आपणास शिकवते. कोलामी, गोंडी, गोरबोली, उर्दू व मराठी नांदणाऱ्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ही निशाणी रोज कानी पडते.

पुसद तालुक्यातील गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी एका बंजारा कुटुंबात वसंतराव नाईक जन्मले. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहणाऱ्या या समाजाचा व्यवसाय रेल्वेने हिरावला होता. इंग्रजी कायद्याने त्यातील अनेकांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. त्यांच्या गोरबोलीला स्वतंत्र लिपी नव्हती. अशा समाजातील हा मुलगा नागपुरात कायदा शिकला, पुसदला वकील झाला आणि १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

गोरबोली आजही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. वाचकहो, तांड्यावरच्या किंवा कोलाम पोडावरच्या मुलाचे उच्चार ऐकून आपले मूल हसत असेल, तर त्याला सूरह हुजुरातची शिकवण समजावून सांगा. एका समूहाने दुसऱ्याचा उपहास करू नये, अशी तेथे आज्ञा आहे. आपल्या उर्दूमिश्रित मराठीला कोणी हसते, तेव्हा आपणासही ते बोचतेच.