बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि कोडं सुटलं! आंरी प्वाँकारे यांची गोष्ट

गोष्ट आहे १८८० सालची. फ्रान्समधल्या काँ शहरात गणित शिकवणारा पंचविशीतला एक तरुण सलग पंधरा दिवस एकाच गोष्टीमागे लागला होता. एका ठरावीक प्रकारची फलनं असूच शकत नाहीत, हे त्याला सिद्ध करायचं होतं. काही केल्या जमेना. एका संध्याकाळी सवय नसताना त्याने काळी कॉफी घेतली आणि झोप उडाली. सकाळपर्यंत उलटंच सिद्ध झालं. अशी फलनं असतात!

हा तरुण म्हणजे आंरी प्वाँकारे. जन्म १८५४, नान्सी. आधी खाण अभियंता, मग गणितज्ञ.

पुढे ते भूगर्भाच्या अभ्याससहलीला गेले. प्रवासात गणित विसरूनच गेले होते. कुतांसला घोड्यांच्या बसमध्ये चढताना पायरीवर पाय ठेवला आणि अचानक उमगलं, की आपली फलनं आणि वाकलेली भूमिती यांचे नियम एकच आहेत.

म्हणजे काय? घरातली फरशी आठवा. एक लादी सरकवली की ती बरोबर दुसरीवर बसते. अशा सगळ्या हालचालींचा मिळून एक गट होतो. सपाट जमिनीवर अशा नक्षीचे फक्त १७ प्रकार आहेत. पण खोगिरासारख्या वाकलेल्या प्रतलावर ते अगणित होतात. प्वाँकारेंची फलनं नेमक्या अशाच हालचालींनी बदलत नव्हती.

या फलनांना त्यांनी जर्मन गणितज्ञ फुक्स यांचं नाव दिलं. त्यावर फेलिक्स क्लाइन नाराज झाले. फुक्स यांचा यात वाटा नाही, अशी त्यांची तक्रार होती. प्वाँकारेंनी पुढच्या गटाला थेट क्लाइन यांचंच नाव देऊन टाकलं! या चढाओढीत १८८२ मध्ये क्लाइन यांची तब्येत मात्र पार ढासळली.

१९०५ मध्ये प्वाँकारेंनी हीच नजर भौतिकशास्त्राकडे वळवली. लॉरेन्ट्झ यांच्या समीकरणांमधली रूपांतरं एक गट बनवतात आणि अवकाश-काळाकडे चार मितींची भूमिती म्हणून पाहता येतं, हे त्यांनी दाखवलं. १९०८ मध्ये मिन्कोव्स्की यांनी ही कल्पना पुढे नेली. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी अवकाश-काळ वाकतो, असं मांडलं.

ते पाहायला प्वाँकारे नव्हते. १७ जुलै १९१२ रोजी, शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या ५८व्या वर्षी ते गेले. आज वाकलेल्या अवकाश-काळाचे नवे नमुने रचताना गणितज्ञ अशाच गटांचा आधार घेतात. आणि सुरुवात कुठून झाली? पंधरा दिवस चुकीच्या दिशेने केलेल्या मेहनतीतून.