पंचावन्न अंशांचा माणूस

नळ एका कारखान्यातला, नळीचा जोड दुसऱ्या, पाण्याचा फिल्टर तिसऱ्याच. तरीही अर्धा इंची आटे एकमेकांत बिनबोभाट फिरतात, याचे आपल्याला आज नवल वाटत नाही. १८४० पूर्वीच्या इंग्लंडमध्ये मात्र ते नवलच ठरले असते. प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा असे. एका यंत्राची चाकी हरवली की दुसरीकडची चालत नसे, ती नव्याने घडवून घ्यावी लागे. हा गोंधळ ज्यांनी निस्तरला ते सर जोसेफ व्हिटवर्थ.

जन्म २१ डिसेंबर १८०३चा, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. वडील शिक्षक, पुढे धर्मोपदेशक झाले. चौदाव्या वर्षी जोसेफ यांना काकांच्या सूतगिरणीत धाडण्यात आले. धंदा शिकावा ही अपेक्षा. पण मन रमले ते यंत्रांत. गिरणी सोडून ते मँचेस्टरला कारागीर झाले, १८२५ मध्ये लग्न करून लंडनला गेले आणि हेन्री मॉडस्ले यांच्या नामांकित कारखान्यात रुजू झाले. पुढे जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही त्यांनी काम केले. बॅबेज यांच्या गणनयंत्राचे भाग तिथेच घडत होते.

तीन लोखंडी पृष्ठे आलटून पालटून एकमेकांवर ताडून, उंचवटे खरवडून, संपूर्ण सपाट पृष्ठ मिळवण्याची रीत त्यांनी प्रसिद्धीस आणली. ती मुळात कोणाची, यावर अजून वाद आहे. परंतु अचूकपणाचा ध्यास निर्विवाद त्यांचाच. १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. इंचाच्या दशलक्षांशापर्यंतचा फरक ओळखणारे त्यांचे मापनयंत्र १८५१च्या लंडन प्रदर्शनात लोकांनी थक्क होऊन पाहिले.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र १८४१चे, आणि ते दिसायला अगदीच साधे. देशभरातील अनेक कारखान्यांतून त्यांनी बोल्ट गोळा केले, मोजले आणि सरासरी काढली. आट्याच्या दोन उतारांमधला कोन ५५ अंश, शिखर व तळ गोलसर, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे ठरावीक आटे, असा प्रस्ताव त्यांनी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे ठेवला. कोणाही एकाचा आटा श्रेष्ठ न ठरवता मधला मार्ग काढल्यामुळेच तो बहुधा सर्वांना मानवला.

नंतर बंदुका आल्या, १८६९ मध्ये सरदारकी आली. षट्कोनी नळीची त्यांची रायफल नेमबाजीत सरस ठरली, तरी ब्रिटिश सैन्याने ती नाकारली. स्वभाव हेकट, पण दानत मोठी. १८६८ मध्ये तरुण अभियंत्यांसाठी त्यांनी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. २२ जानेवारी १८८७ रोजी मॉन्टे कार्लो येथे ते निवर्तले. मागे ठेवलेल्या संपत्तीतून मँचेस्टरला कलादालन उभे राहिले, कर्करोग रुग्णालयालाही हातभार लागला.

५५ अंशांचा तो आटा पुढे पाण्याच्या नळांवर आला. भारतीय मानक ५५४ मधील नळाचे आटेही त्याच घराण्यातले. अमेरिकेने मात्र ६० अंश पत्करले, आणि फिल्टरच्या गळतीचे एक कारण तिथे आहे. अर्धा इंची मापात दोन्हीकडे इंचामागे १४च आटे. त्यामुळे अमेरिकी मापाचे फिल्टर आपल्या जोडात सुरुवातीला खुशाल फिरते. पण कोन जुळत नसल्याने फटी राहतात. पाना कितीही आवळा, पाणी ठिबकतेच, आणि प्लॅस्टिकचे तोंड तडकते ते निराळे.

कोन जुळला तरी जोड कोणता हे पाहावे लागते. निमुळता आटा आट्यांवरच पाणी अडवतो. पण शिखर आणि तळ यांच्यामधून पाण्याला वळसे घेत निसटायला वाट उरते, म्हणून त्यावर टेफ्लॉन टेप हवी. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने ती गुंडाळली, तर जोड आवळताना सुटत नाही. सरळ आट्याच्या नळीत मात्र पाणी अडवतो तो आतला रबरी वायसर. तो हरवला असेल तर टेपचे दहा वेढेही कामाचे नाहीत. तो जागेवर असेल, तर हाताने आवळून पान्याने किंचित फिरवणे पुरते.