कंधारच्या ‘समुद्रा’चा सम्राट

राष्ट्रकूट घराण्यातील तिसरा कृष्ण इसवी सन 939 मध्ये सिंहासनावर बसला. राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील आजचे मालखेड. परंतु ‘कंधारपुरवराधीश्वर’ हे बिरुद त्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले. 949 मध्ये तक्कोलमच्या रणांगणात चोळ युवराज राजादित्य पडला आणि कृष्णाचा दबदबा थेट दक्षिणेत पोचला. कन्नड कवी पोन्न याला त्याने ‘उभयकविचक्रवर्ती’ ही पदवी दिली.

कंधारमध्ये त्याची आठवण निघते ती मात्र पाण्यापाशी. सागरापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या गावाने राष्ट्रकूटकालीन तलावालाच ‘जगत्तुंग समुद्र’ म्हटले. (कृष्णाच्या आजोबांचे नावही जगत्तुंग, त्यांना राज्य लाभलेच नाही.) मुंबईतील गोद्यांच्या किनाऱ्याचा पुनर्विकास कसा व्हावा, यावर आपण रकानेच्या रकाने लिहितो. त्याच्या शतांशानेही या काठाची चर्चा होत नाही, ही खेदाची बाब आहे. पाण्याच्या ओढीने वसलेले शहर केवळ बंदरावरच असते असे थोडेच आहे?

967 मध्ये कृष्ण निवर्तला. अवघ्या पाच वर्षांत परमार सीयकाने मान्यखेट लुटले आणि 973 मध्ये चालुक्य तैलपाने सत्ता हिरावून घेतली. तलावाचे नाव तेवढे राष्ट्रकूटांचेच राहिले.